सेल्फकेम

माझे मामा लिफ्टला 'ती' म्हणतात, आणि त्यात कौतुक अजिबात नसतं. "ती खोटं बोलते," असं ते म्हणाले की समजायचं, आतल्या पाटीवर चौथा मजला दिसतोय आणि लिफ्ट उभी आहे तिसऱ्यावर. "ती ऐकत नाही," म्हणजे ब्रेक झिजलेत. "तिला घाई झालीय," म्हणजे माणूस धड आत शिरायच्या आधीच दार बंद होतंय. मामांनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलंय, कधी खालच्या खड्ड्यात उतरून, कधी लिफ्टच्या टपावर बसून. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि हात असे की पडलेला स्क्रू अंधारात नुसत्या बोटांनी शोधून काढतील.

मी इंजिनिअर झाले आणि त्यांच्याच कंपनीत लागले, पण ऑफिसात. शहरभर फिरणारे मेकॅनिक काम संपलं की मोबाइलवरच्या ॲपमध्ये अहवाल भरतात आणि ते अहवाल माझ्या पडद्यावर येतात. ॲपला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालत नाही. मामांना इंग्रजी येतं, पण मराठीच्या साच्यात ओतलेलं. दार नीट बसत नसेल तर ते लिहिणार, 'डोअर नॉट सिटिंग'. मोटर तापून बसली तर 'मोटर हॉट अँड सिटिंग'.

"तुझ्या मामांच्या लिफ्टमध्ये एखादी वस्तू उभी असते का गं?" शेजारच्या टेबलावरचा मला विचारायचा.

मी हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला सांग, तिथं मी एकटाच उभा असतो."

अशाच एका अहवालात तो शब्द आला. 'लिफ्ट सेल्फ केम. नाइन्थ फ्लोअर. नोबडी कॉल.' म्हणजे, लिफ्ट आपली आपण आली, कुणी बोलावलेलं नसताना.

त्या इमारतीतली लिफ्ट काम नसलं की तळमजल्यावर जाऊन उभी राहते. पण ती मधेच उठायची, नवव्या मजल्यावर जायची, दार उघडायची, थोडा वेळ वाट बघितल्यासारखी थांबायची आणि परत खाली यायची. मामांनी बटणांची पट्टी बदलली, तारा तपासल्या, सगळं उघडून पुन्हा जोडलं. मी ऑफिसातून त्या फेऱ्यांची माहिती काढली. लिफ्टला कुठल्या मजल्यावरून बोलावलं, बाहेरच्या बटणानं की आतल्या, हे सगळं तिच्या यंत्रणेत उमटत असतं. या फेऱ्यांपुढे काहीच उमटलेलं नव्हतं. वर जाताना आत वजन शून्य. खाली येताना शून्य नव्हतं, पण माणसाएवढंही नव्हतं.

"वजनाचा काटा म्हातारा झालाय," मामा म्हणाले. "बदलून टाकू."

"आणि तो दिवा?"

नवव्या मजल्यावर लिफ्टसमोर एक दिवा होता, काही हललं की लागणारा. लिफ्टचं दार उघडलं की तो लागायचा, जरा वेळानं विझायचा.

"दार हलतं म्हणून लागतो. त्यात काय," मामा म्हणाले. मग हातातला पाना पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. "पण बंद होतानाही दार हलतंच की. तेव्हा नाही लागत."

नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं हे मोबाइलवर टिपलं. तिच्या व्हिडिओत रिकामी लिफ्ट येते, दार उघडतं, दिवा लागतो. बाजूला गुडघे टेकून बसलेल्या मामांचा फक्त टॉर्च धरलेला हात दिसतो. मुलगी इंग्रजीत विचारते, हिला कोणी बोलावलं? आणि मामा टॉर्च न हलवता, हवामानाची बातमी सांगावी तशा सपाट आवाजात म्हणतात, "नो टेन्शन मॅडम. शी सेल्फ केम."

एवढंच होतं त्यात. ते बघता बघता जगभर गेलं.

आधी लोकांनी नुसता आवाज उचलला. रिकाम्या खोलीत शिरणारी मांजर, जेवायच्या वेळी हजर झालेला मेव्हणा, मुलाखतीच्या सकाळी नाकावर उगवलेली पुळी, सगळ्यांच्या मागे मामांचा आवाज. मग आवाज गळून पडला आणि शब्द उरला. दोनाचा एक झाला. तुला कोणी बोलावलं, असं विचारलं की पोरं म्हणायची, 'आय सेल्फकेम.' न बोलावता टपकणारा तो 'सेल्फकमर'. जे वाक्य चूक म्हणून आमच्या ऑफिसात हसण्यावारी गेलं होतं, तेच ज्यांची मातृभाषा इंग्रजी ते लोकही बोलायला लागले. आणि एकदा ते बोलायला लागल्यावर ती चूक राहिली नाही. शेजारच्या टेबलावरच्यानं एका ग्राहकाला सरळ लिहून टाकलं, 'युवर लिफ्ट सेल्फकेम'. कोणी हसलं नाही.

मामी मात्र हसायच्या. "घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलत नाहीत, आणि आता साऱ्या जगाला शब्द पुरवतायत."

मामा एकदा माझ्याबरोबर चालताना म्हणाले, "काल बसमध्ये मागच्या सीटवरून कोणीतरी बोललं. म्हणून वळून पाहिलं."

"कोण होतं?"

"मीच बोललो होतो."

मी हसले. ते हसत नव्हते.

मग हे रोजचं झालं. दवाखान्याच्या रांगेत, दुकानात, एखाद्या अनोळखी घराच्या बंद दारामागे, कुठेही त्यांचा आवाज अचानक उठायचा आणि मामा दर वेळी वळायचे. सवयच जाईना. आपल्याला आपणच हाक मारतोय आणि आपण काही सापडत नाही, असं काहीतरी. त्यांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे ओळखत कोणीच नव्हतं. एकदा औषधाच्या दुकानात त्यांनी खोकल्याचं औषध मागितलं, तर काउंटरवरची पोरगी चकित होऊन म्हणाली, "काका, तुम्ही त्या लिफ्टवाल्याचा आवाज छान काढता. फक्त त्याचा जरा जाड आहे."

त्या दिवसापासून मामा दुकानात बोट दाखवून वस्तू मागायला लागले.

आता मामांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती एकुलती एक, माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. ती दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात लोकांकडून हातापायांचे व्यायाम करून घेते. काही वर्षांपूर्वी ती कुणालाही न कळवता एका मुलाला घेऊन घरी आली होती. लग्न ठरवायचं होतं. मामा तेव्हा नुकतेच कामावरून आलेले, अंगावर ग्रीसनं माखलेले कपडे, पायात नुसते मोजे. त्या अवस्थेत आपल्याला पाहिलं गेलं, याचाच त्यांना राग आला असावा. मुलाशी ते एक अक्षर बोलले नाहीत. ताईला म्हणाले, "माणसं विचारून येतात. बोलावल्यावर येतात."

"मी माझ्या घरी विचारून येऊ?"

"हो."

"बरं. मग आता तुम्ही बोलावल्याशिवाय येणारच नाही."

तिनं लग्न केलं. मामांनी बोलावलं नाही. नवरा चांगला निघाला हे मामींमुळे सगळ्यांना कळलं होतं, मामांनाही. मामींचा फोन कायम मुका केलेला असायचा आणि मामा घरात असले की तो स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे जायचा, कारण ताईचा फोन कधी येईल सांगता येत नसे. मामांना हे माहीत होतं. संध्याकाळी घरी येताना ते जिन्यात मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, आणि आत बोलणं आवरतं घ्यायला वेळ मिळावा म्हणून बूट सोडत दाराबाहेर उगाच रेंगाळायचे.

"मग बोलवा ना तिला," मी एकदा म्हणाले.

"कसं? फोन लावायचा आणि काय म्हणायचं? हॅलो म्हणायचं?" ते खरंच विचारत होते. "लगेच बोलावलं असतं तर एका शब्दात झालं असतं. आता इतके दिवस झालेत की कुठलाही शब्द लहानच पडतो." मग म्हणाले, "मी मरायच्या आत ती एकदा या घरात यावी. बाकी मला काही नको."

तिकडे ताईची वेगळीच कथा. तिच्या दवाखान्यात पेशंट पाय वर धरून पडलेले असतात आणि हातात मोबाइल असतो. "बाबा स्वतः फोन करत नाहीत," ती मला म्हणाली, "पण रोज कुणाच्या तरी खिशातून बोलतात."

याच सुमारास त्या शब्दाला दुसरा अर्थ फुटला.

फोन कधी कधी जुने फोटो न मागता पुढे करतात. कुठल्याशा देशातल्या एका मुलीच्या फोननं तिला वारलेल्या आजोबांचा फोटो असाच दाखवला. तिनं खाली लिहिलं, 'ग्रँडपा सेल्फकेम टुडे.' ते वाचून लोक रडले, आणि मग हजारो लोकांनी आपापली गेलेली माणसं त्या शब्दाखाली आणून ठेवली. कुणाची आई, कुणाचा जुळा भाऊ. कुणी फोटो टाकले, कुणी नुसतं लिहिलं की आज घरात त्याच्या साबणाचा वास आला, तो सेल्फकेम. मेव्हणे आणि मांजरं मागे पडली. तरुण लोकांना तो विनोद शिळा वाटायला लागला. कुणी नियम केला नाही, पण बऱ्याच ठिकाणी असं झालं की अमका सेल्फकेम म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारायचा, कधी गेले? पुढे इंटरनेटवरच्या एका शब्दकोशात मी हा शब्द पाहिला. पहिला अर्थ, विनोदी, आता जुना: न बोलावता येणे. दुसरा अर्थ: मृत व्यक्तीने अचानक भेटून जाणे. उगम: अज्ञात.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिथं अजून पहिलाच अर्थ नांदत होता. मावशी लिहायची, 'आय सेल्फकेम, चहा टाका.' आपल्या घरातला शब्द म्हणून सगळे तो कौतुकानं वापरायचे. ताई त्या ग्रुपवर नव्हती आणि तिच्या दवाखान्यात दुसराच अर्थ चालायचा; एकाच घराण्यात एकच शब्द दोन वयांचा झाला होता.

आणि मग कुणीतरी मामांचा आवाज यंत्राला शिकवला. त्याला फारसं काही लागत नाही, दोन-चार वाक्यं पुरतात. आता तुम्ही काहीही लिहा, मामा ते बोलणार. लोक त्या आवाजात आपल्या मेलेल्या माणसांचे निरोप वदवून घ्यायला लागले. कारण आवाज थकलेला होता, शांत होता, आणि काही मागत नव्हता.

मामांना हे कळलं ते एका इमारतीच्या तळमजल्यावर. दुपार व्हायला आली होती, लिफ्टचं दार उघडं ठेवून ते काम करत होते आणि वॉचमन खुर्चीत बसून फोन बघत होता. फोनमधून मामांचा आवाज आला. तो म्हणाला, "डॉटर, आय सेल्फकेम. कीप डोअर ओपन. मेनी डेज आय नॉट कॉल यू. सॉरी."

मामा म्हणाले, "बंद करतोस का जरा?"

"का हो? किती छान बोलतोय बिचारा. मेल्यावर पोरीला भेटायला आलाय."

मामांनी काम तिथंच थांबवलं. लिफ्टचा वीजपुरवठा बंद केला, 'काम चालू आहे'ची पाटी लावली, पिशवी भरली. खिशातला स्वतःचा फोन बंद केला. तो आवाज आपल्या फोनमधून आला तर काय, अशी त्यांना भीती वाटली होती. आणि भर दुपारी घरी आले. जिन्यात न खोकता.

मामी घाबरल्याच. मामा दुपारचे घरी येणारे नव्हेत. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"यंत्रानं माझ्या चुकासुद्धा उचलल्यात गं," मामा म्हणाले. "मी म्हणालो असतो तर असंच म्हणालो असतो. शब्द न् शब्द असाच."

मामींना काही कळलं नाही. त्यांनी पाणी दिलं. मामांनी ते पिऊन विचारलं, "ती कशी आहे?"

"कोण?"

"माहितीय तुला. काढ तो फोन डब्यामागून. फोटो तरी दाखव."

मामींनी फोटो दाखवले. मामांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला, ताईच्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत. जावयाकडे बघून म्हणाले, "केस कापत नाही का हा?" मग म्हणाले, "उद्या फोन लावून दे मला. मी बोलतो." आणि पलंगावर आडवे होऊन लहान मुलासारखे झोपून गेले.

मामींना आनंद कुठं ठेवू असं झालं. त्यांनी ताईला लिहिलं. पुढे तो मेसेज आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा वाचला की मला पाठ आहे.

'आज दुपारी बाबा सेल्फकेम. तुझी खूप आठवण काढत होते. आता शांत झोपलेत.'

आणि फोन सवयीनं डब्यांमागे ठेवून दिला, मुकाच.

संध्याकाळी मी मामांकडे गेले ती ऑफिसच्या कामानं. लिफ्ट बंद ठेवून मेकॅनिक गायब, फोन लागत नाही, अशी तक्रार आली होती. जाऊन बघते तर मामा नुकते उठून चहा पीत बसलेले, चेहरा कधी नव्हे इतका मोकळा. मी काही विचारणार इतक्यात बेल वाजली. दाराजवळ मामाच होते. त्यांनी उघडलं.

ताई होती. केस सुटलेले, दवाखान्यातला पांढरा कोट अजून अंगात, हातात काहीच नाही. तिनं मामांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी पावलांकडे पाहिलं.

"आलीस?" मामा म्हणाले.

ताई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. फार हळू, जरा मोठ्यानं बोललं तर समोरचं काहीतरी विरून जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "बाबा, आई कुठंय?"

"आत आहे की."

"तिला दिसताय तुम्ही?"

मामांना वाटलं, पोरगी इतक्या वर्षांनी आली आणि चेष्टेनं सुरुवात करतेय. त्यांना तेवढंच हवं होतं. मागं वळून ते ओरडले, "अगं, मी दिसतो का तुला?"

"आत्ता दिसताय," मामी आतून म्हणाल्या. "काम सांगितलं की नाही दिसत."

ताई जिथं उभी होती तिथंच, उंबऱ्यावर, खाली बसली.

उलगडा व्हायला वेळ लागला. डब्यांमागचा फोन काढला तर त्यावर तिच्या न उचललेल्या कॉलची रांग. मामांचा फोन बंद. मेसेज वाचल्या वाचल्या ती कोटासकट निघाली होती आणि मिळेल त्या बसमध्ये बसली होती. नवरा दुसऱ्या गावी कामाला गेलेला, तो परस्पर निघाला होता.

"मला का नाही फोन केलास?" मी विचारलं.

"तू खरं सांगितलं असतंस."

मामींनी चष्मा लावून आपलाच मेसेज पुन्हा वाचला. "पण मी कुठं काय चुकीचं लिहिलंय? आलेच होते हे आपले आपण. आठवण काढतच होते. झोपले नव्हते का शांत?"

यावर आम्ही हसलो. मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ताईही हसली, पण सगळ्यांच्या नंतर, आणि हसताना तिचा हात मामांच्या बाहीवर होता. कापड चिमटीत धरून ती ते चोळत होती.

ती राहिली. नवरा आला, त्याची आणि मामांची गाठ पडली, सगळं सुरळीत झालं. मामांनी मागितलं होतं ते झालं होतं. तरी त्या घरात पाऊल टाकलं की मला काहीतरी खटकायचं, आणि काय ते कळायचं नाही. घर फार शांत होतं. सगळे जरा हळू चालायचे.

एका दुपारी कपडे वाळत घालताना ताई मला म्हणाली, "बसमध्ये मी सगळं उरकून टाकलं गं."

"काय उरकलंस?"

"सगळं. रडले. त्यांना माफ केलं, त्यांच्याकडून करून घेतलं. त्यांची हत्यारं कुणाला द्यायची तेही ठरवलं. पाने तुला देणार होते. शेवटच्या तासाभरात तर मी शांतही झाले होते." तिनं एक शर्ट झटकला. मामांचा होता. "आता ते समोर बसून चहा पितात आणि मला वाटतं, किती छान आठवण आहे."

मामांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. ताई त्यांच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. लहानपणापासून या दोघांचं एका वाक्यावर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. मामांनी ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. ताईनं तो उचलला, घडी घातली, क्षणभर छातीशी धरला. टीव्ही मोठ्यानं लावला, तर ती येऊन शेजारी बसली. शेवटी तिच्यासमोरच जावयाला म्हणाले, "केसांना कात्री लागत नाही वाटतं तुमच्याकडे?"

ताई मायेनं हसली. "बाबा असंच बोलायचे," ती नवऱ्याला म्हणाली.

मामा त्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. कधी येत नाहीत. उभे राहून म्हणाले, "ती माझ्याबद्दल भूतकाळात बोलते. माझ्यासमोर."

"सवय होईल तिला परत."

"तिला कधी होईल ठाऊक नाही. मला व्हायला लागलीय." त्यांनी हात पुढे करून उलटसुलट पाहिला. "त्या नवव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये आज शिरत होतो, तर दार मिटायला लागलं. दारातल्या सेन्सरला मी दिसलोच नाही. खांद्याला लागलं."

"सेन्सरवर धूळ बसली असेल."

"हो. धूळच होती. पुसल्यावर दिसलो."

मामींचंही काहीतरी बिनसलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परवा मी खोलीतला दिवा बंद करून बाहेर आले. जरा वेळानं लक्षात आलं, हे आत बसले होते. अंधार झाला तरी बोललेसुद्धा नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, मला वाटलं तू पाहिलं असशील आणि तरी केला असशील."

ताई निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप द्यायला गेले. नवरा खाली रिक्षा बघायला गेला होता. मामा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी सफरचंद कापत होते, तिच्या वाटेतल्या डब्यासाठी. साल एकसंध निघत होती, त्यांच्या हातात ती नेहमीच तशी निघते. ताई समोर हनुवटी हातावर टेकून बघत होती.

"साल काढायला तुम्हाला किती आवडायचं ना, बाबा," ती म्हणाली.

मामांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हात थांबला नाही. सुरी सफरचंदातून पार होऊन त्यांच्या तळव्यात गेली.

त्या हाताला साधा ओरखडा आलेलाही मी कधी पाहिला नव्हता. रक्त आधी ताटलीत पडलं, मग टेबलावर, मग फरशीवर. हात तसाच पुढे धरून मामा ताईकडे बघत राहिले.

ताई त्या लाल थेंबांकडे बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू त्याला रंग चढायला लागला.

"लक्ष कुठंय तुमचं?" ती उठली. खुर्ची मागे पडली. "अशी कापतात का सफरचंदं? आणि बघताय काय माझ्याकडे, हात वर करा. वर, बाबा, वर. कधी तरी कुणाचं ऐकाल का?"

आवाज ऐकून मामी फडकं घेऊन धावत आल्या. मामांनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं. "थांब गं जरा. बोलू दे तिला."

"काय बोलू दे? खोल गेलीय सुरी. टाके पडतील," ताई म्हणाली. ओढणी फाडावी की फडकं घ्यावं हे तिला ठरवता येईना. "हे तुमचं नेहमीचंच आहे. सगळ्यांनी तुमच्या मर्जीनं यायचं, तुमच्या मर्जीनं जायचं. माझ्या लग्नात तुमची खुर्ची रिकामी होती, माहितीय? लोक विचारत होते. मी काय सांगत होते लोकांना, माहितीय?"

"चूक तुझीच होती," मामा म्हणाले. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं आणि त्यांनी हात अजून वर केला नव्हता. "न विचारता आलीस."

"माझी चूक?"

"तुझीच."

"मोजे घालून उभे होतात तुम्ही त्या दिवशी, एक मोजा फाटका, आणि चूक माझी?" तिनं त्यांचा हात खसकन ओढून घेतला, फडकं तळव्याभोवती गुंडाळलं आणि अशी गाठ मारली की मामा कळवळले. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. तिनं तिकडे लक्षही दिलं नाही. दुसऱ्या गाठीसाठी फडक्याचं टोक दातात धरून, त्यातूनच ती बोलत राहिली.